सासूबाई, वय वर्षे सहा: विरारच्या थीम पार्कात दोन दिवस

सुट्टीत कुठे जायचं यावरून आमच्या घरी दर मे महिन्यात भांडण होतं आणि दर मे महिन्यात आम्ही कुठेच जात नाही. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे दादांची, निर्मळला फुलझाडांची वाडी आहे आणि मोगरा नेमका मे महिन्यातच अंगात आल्यासारखा फुलतो. कळ्या पहाटे खुडल्या नाहीत तर संध्याकाळपर्यंत त्यांची फुलं होतात आणि उमललेल्या मोगऱ्याला बाजारात कुणी विचारत नाही. त्यामुळे दादा घर सोडत नाहीत, दादा नाहीत तर सासूबाई नाहीत, आणि आजी-आजोबा नाहीत तर आमची बारा वर्षांची ओवी गाडीत बसायला तयार नसते. मी मूळची कऱ्हाडची, लग्न होऊन वसईला फ्लॅटमध्ये आले, त्याला पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत आमचा सर्वांत लांबचा सहकुटुंब प्रवास म्हणजे एका लग्नासाठी पालघर.

यंदा माझ्या नवऱ्याने, प्रसादने, तोडगा काढला. विरारच्या पूर्वेला, महामार्गाच्या पलीकडे नवीन थीम पार्क झालंय. एक रात्र तिथल्याच खोलीत राहायचं, दोन दिवस खेळायचं. घरापासून तासाभराचा रस्ता. कळ्या निर्मळचे शेजारी खुडतील. शेजारणीने बॅगा बघून विचारलं, "कुठे, महाबळेश्वर का?" मी म्हटलं, "विरार." तिने दार लावून घेतलं.

आईंनी मात्र (सासूबाईंना मी आईच म्हणते) प्रसादच्या फोनवर पार्कचे फोटो बघितले आणि एका फोटोवर बोट ठेवलं. "हा पाळणा हाय तिथं?" तो आकाशपाळणा होता, चांगला दहा मजली उंच. आईंचं आणि आकाशपाळण्याचं जुनं प्रकरण आहे. गावच्या जत्रेत आमचं फुलांचं दुकान दरवर्षी पाळण्याच्या पायथ्याशी लागायचं. बेचाळीस वर्षं आई तिथे बसून गजरे ओवायच्या आणि बेचाळीस वर्षं दादा म्हणायचे, "आज गर्दी हाय, उद्या दोघं बसू." शेवटच्या दिवशी दुकान आवरेपर्यंत पाळणेवाला लोखंड सोडवायला घ्यायचा. आई हे कधी तक्रार म्हणून सांगत नाहीत. पण सांगतात मात्र दरवर्षी. या खेपेला दादांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चल. दोघं बसू."

आई-दादा आपसात घरच्या बोलीत बोलतात. ती मला आता सगळी समजते, बोलता एक वाक्य येत नाही. माझ्याशी ते शाळेतलं मराठी बोलायला जातात आणि मधेमधे घसरतात.

शनिवारी सकाळी आठला निघालो. नालासोपाऱ्याचा उड्डाणपूल ओलांडून पेल्हारजवळ महामार्गाला लागलो. तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत निघा, कारण आठनंतर विरार फाट्यापर्यंत ट्रेलरच्या मागे ट्रेलर असतात. फाट्यानंतर दादा म्हणाले, "उजवीकडं घे. मी इथनं शेणखत नेतो." फोनमधल्या बाईने मात्र सरळ जायला सांगितलं. प्रसादने बाईचं ऐकलं. अर्ध्या तासाने आम्ही एका दगडखाणीत होतो आणि बाई म्हणाली, तुम्ही पोहोचला आहात. गाडी वळवली. दादांनी खिडकीची काच खाली करून खाण नीट बघून घेतली.

गेटवर बॅगा तपासतात. बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणून आईंच्या भाकऱ्या आणि चकल्या तिथेच राहिल्या. दादांच्या पिशवीतून केळीच्या पानाचा एक पुडा निघाला. रखवालदाराने तो उघडला. ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या, आईंच्या केसांसाठी. त्याने वास घेतला आणि पुडा परत बांधून दिला.

आता खरी गंमत. या पार्कात कागद नाही. तिकीट फोनवर, लॉकर फोनवर, खोलीचं कुलूप फोनवर, वडापावचे पैसेही आधी अॅपमध्ये भरायचे आणि मग फोन दाखवायचा. प्रत्येक माणसाची अॅपमध्ये नोंद हवी आणि एका फोनवर मोठी माणसं दोनच. दादांचा फोन बटणांचा. आईंकडे फोन नाही. माझ्या फोनमध्ये अॅप घ्यायला जागा नव्हती, कारण सासरच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे गुलाब मी कधी पुसले नव्हते. पाठीमागे रांग ओरडत होती. काउंटरवरची बाई म्हणाली, "सर, सिंपल आहे, बाकीच्यांना चाइल्डमध्ये टाका ना. सगळे तेच करतात."

तर टाकलं. मोठे म्हणून प्रसाद आणि मी. बालक म्हणून ओवी, रघुनाथ आणि सुलोचना. बालकांच्या जन्मसालाची यादी अगदी अलीकडची होती, त्यामुळे दादा सात वर्षांचे झाले आणि आई सहा. "एका वर्षाचं तरी अंतर ठेवलंस," आई खूश होऊन म्हणाल्या. अर्ध्या तिकिटाची मला टोचणी लागली. फरक भरायला गेलो तर अॅपने कळवलं की बालकांकडून जादा पैसे घेतले जात नाहीत.

पहिला दिवस मजेत गेला, हे मान्य करायला हवं. दर तासाला फोन किणकिणायचा. रघुनाथने पाणी प्यायलं का? सुलोचनाला सनस्क्रीन लावलं का? चार वाजता बालकांना आइस्क्रीम फुकट होतं. दादा आणि आई पहिलीतल्या मुलांच्या रांगेत उभे राहिले आणि दादांना आइस्क्रीमबरोबर फुगाही मिळाला. तो त्यांनी सबंध संध्याकाळ मनगटाला बांधून ठेवला. मी काढायला गेले तर म्हणाले, "राहू दे, कुणाला त्रास हाय त्याचा?" एका पाण्याच्या घसरगुंडीवर त्यांना प्रवेश नाकारला, कारण अॅपच्या मते त्यांची उंची तीन फूट होती. तिथला माणूस एकदा साडेपाच फुटी दादांकडे बघायचा आणि एकदा फोनकडे. शेवटी त्याने फोनवर विश्वास ठेवला. खायचं म्हणाल तर पावभाजी बरी आहे, चहा साठ रुपयाला आणि कोमट.

संध्याकाळी पाळण्याची वेळ घ्यायला गेलो आणि सगळी गंमत तिथेच संपली. दोन दिवसांत एकच वेळ शिल्लक होती, रविवारी अकरा वीसची, दोन जागांची. अट अशी, की बालकासोबत एक मोठं माणूस हवं. म्हणजे आई माझ्याबरोबर बसू शकत होत्या, दादा प्रसादबरोबर बसू शकत होते, अगदी आई प्रसादबरोबरही. फक्त आई आणि दादा एकमेकांबरोबर बसू शकत नव्हते, कारण दोन लहान मुलांना एकटं वर कोण सोडणार? प्रसादने दादांना मोठं करायचा प्रयत्न केला. अॅपचं उत्तर आलं: हा बदल रघुनाथ अठरा वर्षांचा झाल्यावर आपोआप होईल.

"जा तू मेघाबरोबर," दादा आईंना म्हणाले. "मी खाली थांबतो. खालची सवय हाय आपल्याला."

"मग मी नाय जायची," आई म्हणाल्या आणि खोलीकडे चालायला लागल्या. मला खरंच वाईट वाटलं, आणि प्रसादचा रागही आला, जरी त्यात त्याची चूक काही नव्हती. त्याने अकरा वीसची वेळ घेऊन ठेवली. म्हटलं, सकाळी कुणाच्या तरी हातापाया पडू.

रविवारी साडेनऊलाच ऊन भाजत होतं. प्रसाद ओवीला घेऊन लाटांच्या तलावात गेला. तिथे घालायला पार्कवाले चड्डी भाड्याने देतात, त्यावर अननस छापलेले असतात. स्वतःचे कपडे, पाकीट आणि गाडीची चावी त्याने लॉकरमध्ये ठेवली आणि फोन माझ्या हातात दिला. "जपून गं. आपण सगळे यात आहोत."

मी, आई आणि दादा बाकावर बसलो. थोड्या वेळात फोनच्या पडद्यावर सूचना आली की फोन फार तापलाय, थंड होऊ द्या. हात लावला तर तव्यासारखा. मी दादांना दाखवला. दादांनी तो तळहातावर घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "कळ्यापण अशाच तापतात. दे इकडं."

माझी चूक इथे आहे, आणि ती मी लपवत नाही. दादांनी माझ्या डोळ्यांदेखत पुडा सोडला, कळ्या आईंच्या पदरात ओतल्या, फडकं बाटलीतल्या पाण्याने पुन्हा भिजवलं, हलक्या हाताने पिळलं, त्यात फोन गुंडाळला, वर केळीचं पान घातलं, कडा दुमडल्या आणि वाळक्या सोपटाची, केळीच्या सालीच्या दोरीची, गाठ मारली. हाताला इतकी सवय, की एक मिनिटही लागलं नाही. मी ते बघत होते आणि मला ते पटत होतं. पन्नास वर्षं ज्या माणसाने उन्हातून कोवळ्या कळ्या दादरपर्यंत ताज्या पोहोचवल्या, त्याला मी काय सांगणार? "दुपारपर्यंत काय व्हायचं नाय याला," दादा म्हणाले आणि पुडा बाकाखाली सावलीत ठेवला.

दहाच्या सुमारास प्रसाद आला. "फोन?"

मी पुडा दिला. त्याने माझ्याकडे बघितलं, दादांकडे बघितलं, मग गाठ सोडली. फोन थंडगार होता. मोगऱ्याचा घमघमाट येत होता. चालू मात्र होत नव्हता.

त्यानंतरच्या तासाभरात मला कळलं की आपण किती थोड्या गोष्टींवर उभे असतो. लॉकर उघडेना. खोली उघडेना. ओवीला भूक लागली तर अॅपमधले पैसे फोनबरोबर गेले होते. आई-दादांना "इथून हलू नका" सांगून आम्ही तिघं मदतकक्षात गेलो. प्रसाद अननसाच्या चड्डीत, उघडाबंब, हातात केळीचं पान. तिथली मुलगी म्हणाली, "सर, अॅपमध्ये कम्प्लेंट टाका."

"अॅप यात आहे," प्रसाद म्हणाला आणि पान पुढे केलं.

"हे काय आहे?"

"फोन."

ती खुर्चीसकट मागे सरकली आणि म्हणाली, "सर, प्रसाद इथे अलाउड नाही."

"माझं नावच प्रसाद आहे," तो म्हणाला, आणि त्याने परिस्थिती अजिबात सुधारली नाही.

अकराच्या सुमाराला भोंग्यावर घोषणा झाली. तीन बालकं हरवली आहेत. ओवी, वय बारा. रघुनाथ, वय सात. सुलोचना, वय सहा. पालकांनी पाळण्याजवळच्या बालकेंद्रात यावं. ओवी माझा हात धरून उभी होती. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, मी हरवलेय."

प्रकार असा, की पालकाचा फोन बराच वेळ बंद राहिला की त्याची मुलं हरवली असं अॅप धरून चालतं आणि रखवालदारांना त्यांचे फोटो पाठवतं. फोटो तर नोंदीच्या वेळी काढलेले, आई-दादांचेच होते. एका रखवालदाराने त्यांना बाकावर बरोबर ओळखलं आणि बालकेंद्रात नेऊन बसवलं.

आम्ही धावत पोहोचलो. हत्ती रंगवलेलं गुडघाभर उंचीचं कुंपण, आत बुटक्या लाल-पिवळ्या खुर्च्या. एका खुर्चीवर दादा, गुडघे हनुवटीला टेकलेले. शेजारी आई, पदरात कळ्या, हातात क्रीमची बिस्किटं. केंद्र सांभाळणारी जागृती अर्नाळ्याकडची होती, चाळिशीची, आवाज खणखणीत. ती आईंना विचारत होती, "आजी, पानी देऊ का अजून? रडायचं नाय हां."

"आम्ही यांचे पालक," मी म्हटलं.

"दाखवा."

"काय दाखवू? हे माझे सासरे आहेत! बाहत्तर वर्षांचे आहेत!"

"दिसतंय ना मला, ताई. पन पालकांचा कोड लावल्याशिवाय मूल सोडलं तर माझी नोकरी जाईल." मग तिने ओवीकडे बघितलं, हातातल्या टॅबकडे बघितलं आणि फाटक उघडून ओवीलाही आत घेतलं. आता माझी तीनही मुलं कुंपणापलीकडे होती.

अकरा पंधरा झाले होते. पाळणा समोरच होता. आई त्याच्याकडे बघत नव्हत्या, मुद्दाम. कळ्या निवडत होत्या. मला रडू यायला लागलं. मी जागृतीला सगळं सांगितलं, भरभर, एका दमात. बेचाळीस जत्रा, गजरे, उद्या बसू, अकरा वीस. प्रसादनेही मधे तोंड घातलं. जागृती ऐकत राहिली. मग तिने टॅबवर बोट फिरवलं.

"हे बघा, काय लिवलंय. हरवलेल्या बालकांना शांत ठेवन्यासाठी... फुगा, आइस्क्रीम नायतर पाळना. यातलं एक द्यायचं." तिने दादांच्या मनगटावरचा कालचा, अर्धा बसलेला फुगा बघितला. "फुगा झालाय यांचा."

तिने आईंना हात देऊन उठवलं, मग दादांना. ओवीला विचारलं, तर तिने पटकन आइस्क्रीम मागितलं. पोरीला त्या दिवशी मी मनातल्या मनात शंभर गुण दिले. पाळण्याशी उभ्या माणसाने दोघांना अडवलं. "दोघं छोटी आहेत. सोबत मोठं कोण?"

"हरवलेल्या पोरांसोबत मोठं कोन असनार?" जागृती ओरडली. "असतं तर हरवली असती का?"

त्या माणसाने विचार केला. त्याला ते पटलं. दार उघडलं, आई आधी, मग दादा, आणि खटका लागला.

एक फेरी सावकाश झाली, मग दुसरी. खालून फक्त आईंची हिरवी साडी आणि दादांचा फुगा दिसत होता. आमच्याकडे फोटो काढायला काही नव्हतं. माझा फोन होता, पण त्यात जागा नव्हती. गुलाब पुसेपर्यंत ते खाली आले होते. आईंचा चेहरा लालबुंद. दादा उतरले आणि थेट पाण्याच्या नळाकडे गेले.

बाकीचं थोडक्यात सांगते. लॉकर पेचकसाने उघडला. जागृतीने कुठून तरी कागद पैदा केला आणि त्यावर लिहिलं, "पाच माणसे सोडणे." पार्कातला तो एकमेव कागद मी जपून ठेवलाय. दुरुस्तीवाल्याने फोन उघडला आणि म्हणाला, "मॅडम, इसमें से खुशबू कैसे आ रही है?" चौथ्या दिवशी फोन चालू झाला, तेव्हा पहिली सूचना आली की तुमची तीन बालकं अद्याप उद्यानात आहेत. ती अजून दर तासाला येते. अॅप काढून टाकायला प्रसादला धीर होत नाही.

तुम्ही जाणार असाल तर एक फोन जादा न्या, कपड्यांचा एक जोड गाडीत ठेवा, गाडीची चावी गळ्यात घाला. वडीलधाऱ्यांना बालक लिहू नका. किंवा लिहा. मला आता नक्की सांगता येत नाही.

कारण बुधवारी मी निर्मळला गेले. दादा वाडीत पाणी सोडत होते. मी विचारलं, "वरून काय दिसलं?" ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो, मला काय नाय दिसलं. खटका लागला तसे डोळे मिटले, ते खाली येईस्तोवर. तिनंपण आधीच घट्ट मिटलेले. मग म्हटलं, इतक्या वर्षांनी आणलं तिला, तर सांगावं काहीतरी. दर्या सांगितला. देऊळ सांगितलं. आपली वाडी सांगितली. सगळं खोटं. तिला बोलू नको."

मी नाही बोलले. स्वयंपाकघरात आई चहा टाकत होत्या. त्यांनाही तेच विचारलं.

"मी एकदा उघडलेले डोळे," आई म्हणाल्या. "खूप लांबवर दिसतं गो तिथनं. बाजूला बघितलं, तर हे डोळे मिटून बोलतायत. देऊळ दिसतं, वाडी दिसते... घरात दिवसभरात दहा शब्द बोलत नाय हा माणूस. मग मीपण परत मिटले."

"का?"

"ऐकायचं होतं ना." त्यांनी चहा गाळला. "म्हणाले, विहिरीवर तू उभी हायस. हिरव्या साडीत. मी म्हटलं, असेन."